‘रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’: आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्या टीबीचं एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरची माणसं यांचे काही तपशील बदलले आहेत. तपासण्या, त्यांचा क्रम आणि चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत. त्यातली एक चूक मी जिथे काम करते त्या प्रयोगशाळेची आहे, हे आधीच सांगून टाकते.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं यंत्रमागाचं एक गाव. रुग्ण ३१ वर्षांचा, बारा तासांच्या पाळीत मागावर उभा राहणारा. दोन खोल्यांच्या घरात आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. महिनाभर खोकला होता, पण मागावर काम करणाऱ्याला खोकल्याचं काय कौतुक! कापसाच्या धुळीवर बोट ठेवलं की विषय संपतो. संध्याकाळी कणकण येऊ लागली, पँट कमरेला सैल झाली, तेव्हा तो गावातल्या खासगी डॉक्टरांकडे गेला. वजन ४६ किलो.

डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला आणि त्याच दिवशी बेडका सीबीनॅट या, जंतूचं जनुक बघणाऱ्या तपासणीला गेला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: टीबीचे जंतू आहेत, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड, म्हणजे रिफाम्पिसिन या औषधाला न जुमानण्याची खूण जंतूत सापडली नाही. टीबी रुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद झाली. सरकारी पुरवठ्यातल्या चार औषधांच्या एकत्रित गोळ्या, वजनाच्या हिशेबानं रोज तीन, सुरू झाल्या. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल.

मुलगी पाच वर्षांच्या आतली. तिला लक्षणं नव्हती, एक्स-रे स्वच्छ होता. नियमाप्रमाणे तिला प्रतिबंधक म्हणून सहा महिने रोज आयसोनियाझिड सुरू केलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

इथवर सगळं पुस्तकात लिहिलंय तसं झालं. सीबीनॅट रिफाम्पिसिनला सेन्सिटिव्ह आली, म्हणजे ते औषध जंतूवर चालतंय असं दिसलं, की दुसरा नमुना लाइन प्रोब तपासणीला, म्हणजे एलपीएला, पाठवायचा असतो. आयसोनियाझिड चालतंय का, हे तिथं कळतं. तो नमुनाही पाठवला होता. शनिवारी डबी भरली, मध्ये सुट्टी आली, नमुना आमच्याकडे मंगळवारी पोहोचला. खोक्यातल्या जेलच्या थैल्या हाताला कोमट लागत होत्या.

एलपीएची पट्टी बोटाएवढी रुंदही नसते. तिच्यावर २७ ठिकाणी आडव्या जांभळट रेषा उमटू शकतात. कुठली उमटली आणि कुठली नाही, एवढंच वाचायचं. या पट्टीवर वरच्या दोन नियंत्रण रेषा आल्या, पण टीबीचा जंतू आहे हे सांगणारी रेषा आलीच नाही. निकाल इनव्हॅलिड. उरलेला नमुना कल्चरला, म्हणजे नळीत जंतू वाढवायला, लावला, तर चौथ्या दिवशी नळीत दुसरेच जंतू माजले. आम्ही पोर्टलवर लिहिलं, ‘कृपया नमुना पुन्हा पाठवावा’, आणि पुढच्या पट्टीकडे वळलो. फोन कुणी केला नाही.

अडचण

दोन महिन्यांत खोकला कमी झाला, वजन ४८ वर गेलं, बेडक्यात जंतू दिसेनात. मग पायराझिनामाइड बंद करून बाकीची तीन औषधं पुढे चालू ठेवली. हीही रीतच आहे. बऱ्या होणाऱ्या माणसाकडे पुन्हा बेडक्याची डबी मागायला कोण जाणार? माणसाला मुळात बेडकाच येत नव्हता.

पाचव्या महिन्यात तो परत आला. खोकला, ताप, वजन ४४. बेडक्यात जंतू पुन्हा दिसू लागले. उपचारांच्या पाचव्या महिन्यात जंतू दिसले तर त्याला उपचार फसले असंच म्हणतात. सीबीनॅट पुन्हा केली. पुन्हा तोच रिपोर्ट: रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड.

आणि मग जे नेहमी होतं तेच झालं. औषध सेन्सिटिव्ह आहे, तरी रोग वाढतोय, म्हणजे पठ्ठ्या गोळ्या खात नाही, असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे झाले. त्याच्या कागदावर ‘अनियमित’ असा शेरासुद्धा पडला.

तो शेरा टिकला नाही, याचं श्रेय त्याच्या आईला. टीबी सुपरवायझर घरी चौकशीला गेले तेव्हा तिनं कोनाड्यातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि जमिनीवर रिकामी केली. पाच महिन्यांची रिकामी पाकिटं. वर म्हणाली, “भाऊ, रोज सकाळी माझ्यासमोर गोळ्या घेतो. लघवी केशरी होती त्याची, आजबी होती. विचारा सुनंला.” रिफाम्पिसिन पोटात गेलं की लघवी नारिंगी होते. पोर्टलवरच्या कुठल्याही नोंदीपेक्षा हा पुरावा पक्का होता. सुपरवायझरांनी तिथूनच मला फोन लावला आणि विचारलं, “मॅडम, याच्या एलपीएचं काय झालं होतं हो?”

मी रजिस्टर उघडलं. इनव्हॅलिड. पुढचा रकाना कोरा.

जंतूत काय झालं असावं

पर्यायांकडे वळण्याआधी इथं थोडं थांबते, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

सीबीनॅट जंतूच्या एका जनुकाच्या एका छोट्या तुकड्याकडे बघते. आरपीओ-बी नावाच्या जनुकातली जेमतेम ८१ अक्षरं. रिफाम्पिसिन ज्या एन्झाइमला पकडतं त्या आरएनए पॉलिमरेजचा तो भाग. रिफाम्पिसिनला न जुमानणारे बहुतेक जंतू तिथंच बदललेले असतात, म्हणून ती तपासणी त्या औषधापुरती चांगली आहे. आयसोनियाझिडबद्दल ती काहीच विचारत नाही. रिपोर्टवर एकच औषधाचं नाव छापलेलं असतं आणि वाचणारा चारही औषधांची खात्री मनात धरतो.

आयसोनियाझिडची तऱ्हा वेगळी आहे. गोळीत असताना ते जंतूचं काही बिघडवू शकत नाही. जंतूच्या आत शिरल्यावर जंतूचंच एक एन्झाइम, कॅट-जी, त्याला धार लावतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तसं. कॅट-जीचं मूळ काम वेगळंच. आपल्या पेशी जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइड फवारतात, ते निकामी करायचं. हे काम करता करता ते आयसोनियाझिडलाही हात लावतं, त्यातून निघालेला तिखट तुकडा पेशीतल्या एनएडी या रेणूला चिकटतो, आणि ती जोडी इनएच-ए नावाच्या दुसऱ्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसते. इनएच-ए अडलं की जंतूच्या मेणचट भिंतीचा माल बनत नाही.

आता जंतूनं सुटायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे कॅट-जी टाकूनच द्यायचं. १९५२ मध्ये हे औषध वापरात आलं आणि १९५४ मध्येच मिडलब्रूक यांनी नोंदवलं की आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये कॅटॅलेज, म्हणजे कॅट-जीचं पेरॉक्साइड निकामी करायचं काम, उरलेलं नसतं, आणि असे जंतू गिनीपिगमध्ये फारसा रोग करू शकत नाहीत. ढाल टाकून दिलेला सैनिक तो. पुढे १९९२ मध्ये कॅट-जी जनुकाचा संबंध सिद्ध झाला आणि मग एक चलाख बदल पुन्हा पुन्हा सापडू लागला. एन्झाइमच्या अमिनो आम्लांच्या साखळीतल्या ३१५व्या जागी सेरिनऐवजी थ्रिओनिन. डीएनएत फक्त एक अक्षर बदललेलं. थ्रिओनिनच्या अंगावर सेरिनपेक्षा एक मिथाइल गट जास्त, बस्स. पण ही जागा एन्झाइमच्या गाभ्यातल्या हीमकडे, म्हणजे जिथं खरं काम चालतं त्या लोहयुक्त भागाकडे, जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी आहे. वाट चिंचोळी झाली. पेरॉक्साइड अंगानं लहान, ते जातं. आयसोनियाझिडला मात्र जागेवर नीट बसता येत नाही. म्हणजे ढाल बरीचशी शाबूत आणि दांडा तेवढा काढून टाकलेला.

इतर जंतूंत आपण बहुतेक वेळा उलटी गोष्ट ऐकतो. टेम-१ हे पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम घ्या. त्यात २३८व्या जागी ग्लायसिन जाऊन सेरिन आलं की ते सेफोटॅक्सिमसारखी औषधंही तोडायला शिकतं. तिथं एन्झाइमला नवं काम येतं. टीबीच्या जंतूत एन्झाइमनं एक काम सोडलंय. प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या मुलांना मी हे दोन्ही एकाच दिवशी शिकवते, नाहीतर ‘रेझिस्टन्स म्हणजे औषध तोडणं’ हे डोक्यात घट्ट बसतं.

दुसरी वाट इनएच-ए जनुकाच्या आधीच्या भागातली. तिथं बदल झाला की इनएच-ए एन्झाइमच ढीगभर तयार होतं आणि औषध कमी पडतं. अशा वेळी रेझिस्टन्स हलका असतो, आयसोनियाझिडचा मोठा डोस कधीकधी चालून जातो, पण इथिओनामाइड बाद होतं, कारण त्या औषधाचंही लक्ष्य इनएच-ए हेच. कॅट-जीतल्या ३१५च्या बदलाला मोठा डोसही सहसा पुरत नाही. ‘आयसोनियाझिड रेझिस्टंट’ एवढं कळून भागत नाही ते यामुळे. कुठल्या एन्झाइममुळे, हे कळावं लागतं.

या रुग्णाचं बरं होऊन पुन्हा बिघडणंही यात बसत होतं. पहिल्या दोन महिन्यांत रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइडनं काम केलं. पायराझिनामाइड थांबलं, आयसोनियाझिड असून नसल्यासारखं, म्हणजे पुढे तीन महिने रिफाम्पिसिन आणि सोबतीला जंतूला मारण्यापेक्षा थोपवणारं इथॅम्ब्युटॉल. एका खांबावर द्वारका.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी जिल्ह्याचे क्षयरोग अधिकारी, खासगी डॉक्टर आणि मी, तिघं फोनवर बोललो.

पहिला पर्याय तीच चार औषधं नव्यानं सुरू करून घरी पाळत ठेवण्याचा. त्या पिशवीनंतर त्यावर कुणी जोर दिला नाही.

खासगी डॉक्टरांचं म्हणणं होतं, लिव्होफ्लॉक्सासिन हे आणखी एक औषध आजच जोडू, रिपोर्ट येईल तेव्हा येईल. माणूस तापानं फणफणतोय, थांबायचं कसं? मनाला पटणारं होतं ते. पण फसलेल्या उपचारात एकटं नवं औषध घालायचं नाही, हा टीबीतला जुना धडा, आणि इथं त्याला एक खास कारणही होतं. मी सहज विचारलं, याला मागं जुलाबासाठी कोणत्या गोळ्या दिल्या होत्या? डॉक्टर क्षणभर गप्प झाले. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, वर्षभरात तीनदा. आपल्याकडे पोट बिघडलं की घराघरात ही गोळी निघते. ऑफ्लॉक्सासिन लिव्होफ्लॉक्सासिनचंच भावंड, आणि दोघांचं लक्ष्य एकच, डीएनए गायरेज. फुप्फुसात टीबी मुरत असताना हे औषध तीनदा जाऊन आलंय, तर त्या एन्झाइममध्ये बदल झालाच नसेल कशावरून? तसं असतं, तर लिव्होफ्लॉक्सासिन जोडूनही आम्ही रिफाम्पिसिनला एकटंच लढायला लावलं असतं.

तिसरा पर्याय, सरळ एमडीआर, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींना न जुमानणारा टीबी, धरून बेडाक्विलिन हे त्यासाठीचं औषध असलेला उपचार द्यायचा. अधिकाऱ्यांनी तो बाजूला ठेवला. दोन सीबीनॅट रिफाम्पिसिन चालतंय असं सांगत असताना ते सोडून देणं म्हणजे हातातलं सगळ्यात चांगलं हत्यार टाकून देणं.

उरला चौथा. आहे ती औषधं बंद न करता तशीच चालू ठेवायची, उद्या सकाळी दोन नमुने घ्यायचे, आणि पहिल्या व दुसऱ्या फळीच्या दोन्ही एलपीए तातडीनं करायच्या. या ‘थांबण्या’वर मी आजही ठाम आहे, पण त्याला मुदत घातली होती. चौथ्या दिवशी रिपोर्ट हातात नसेल तर पुन्हा तिघं बोलायचं.

काय केलं

सुपरवायझर स्वतः मोटरसायकलवरून बर्फाची पेटी घेऊन आले. सकाळचा बेडका, दाट, दोन डब्या. दुपारी बारा वाजता नमुना माझ्या टेबलावर होता.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या वाळल्या. कागदावर चिकटवून मी वरून खाली वाचत आले. टीबीची रेषा ठळक. आरपीओ-बीच्या आठही मूळ रेषा, म्हणजे जनुक बदललेलं नाही हे सांगणाऱ्या, जागेवर, बदल दाखवणारी एकही नाही. मग कॅट-जी. नियंत्रण रेषा आहे, मूळ जनुकाची रेषा नाही, आणि तिच्या खालीच पहिल्या बदलाची रेषा जांभळी गर्द. ३१५, सेरिन ते थ्रिओनिन. इनएच-ए स्वच्छ. दुसरी पट्टी उचलताना धाकधूक होती, पण जायर-ए या, डीएनए गायरेजच्या जनुकाच्या सगळ्या मूळ रेषा होत्या. जुलाबाच्या गोळ्यांनी घात केला नव्हता.

त्याच दिवशी आयसोनियाझिड थांबवून लिव्होफ्लॉक्सासिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड असा सहा महिन्यांचा उपचार ठरला. पायराझिनामाइड जंतूवर चालतंय का, हा प्रश्न तेवढा लटकत राहिला. तेही आयसोनियाझिडसारखंच आहे, जंतूच्या पायराझिनामिडेज या एन्झाइमनं धार लावल्याशिवाय लागू पडत नाही. पण त्याच्या पीएनसी-ए जनुकात बदल एका ठिकाणी होत नाहीत, जनुकभर विखुरलेले असतात. त्यामुळे चार रेषांची पट्टी करून भागत नाही. द्रव कल्चरवर वाट पाहावी लागली, आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं: चालतंय.

परिणाम

नव्या उपचाराच्या पंधरा दिवसांत ताप गेला. तिसऱ्या महिन्यात बेडका आणि कल्चर दोन्ही निगेटिव्ह. लिव्होफ्लॉक्सासिननं घोट्याच्या मागची शीर दुखायची, मागावर उभं राहवत नव्हतं, म्हणून मालकानं त्याला काही आठवडे कांड्या भरायच्या कामाला बसवलं. सहा महिने पूर्ण झाले तेव्हा वजन ५१. त्यानंतरच्या वर्षभरात दोनदा तपासणी झाली, दोन्ही निगेटिव्ह.

एकूण उपचार अकरा महिन्यांवर गेला. एलपीए पहिल्या आठवड्यात नीट झाली असती तर सहा-साडेसहात आटोपला असता. आणि रिफाम्पिसिन वाचलं, यात आमचं कौतुक कमी, नशीब जास्त. २०१७ साली पाच हजारांहून अधिक टीबी जंतूंचे जनुकसंच ताडून पाहिले गेले, तेव्हा बहुतेक बहुऔषधरोधी वंशांमध्ये कॅट-जीतला ३१५चा हाच बदल आधी आणि रिफाम्पिसिनचा नंतर झालेला दिसला. आमचा रुग्ण त्याच रस्त्याला लागला होता.

काय वेगळं करता आलं असतं

भारतातल्या २०१४–१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांच्या आणि आधी उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांच्या जंतूंनी आयसोनियाझिडला दाद दिली नव्हती. नवा रुग्ण असला तरी नवात एक म्हणजे काही दुर्मिळ गोष्ट नाही. हा आकडा आम्हा सगळ्यांना पाठ होता, तरी ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्द आम्ही बिनधास्त वापरत होतो. आता आमच्या तालुक्याच्या बैठकीत कुणी तो शब्द उच्चारला की मी विचारते, कोणत्या औषधाला?

दोन महिन्यांनी औषधं कमी करताना एलपीएचा रकाना भरलेला आहे का, हे बघायला हवं होतं. बेडका निगेटिव्ह आल्यावर तो बघायची कुणाला गरज वाटली नाही. माझ्या मते या प्रकरणातली मोक्याची जागा ती, पाचवा महिना नव्हे. पाचव्या महिन्यात धोका दिसत तरी होता.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते मात्र मुलीचं. बापाच्या जंतूवर ज्या औषधाचा परिणाम होत नव्हता, तेच आयसोनियाझिड आम्ही तिला पाच महिने रोज पाजलं. जंतू तिच्यात शिरलाच असता तर त्या गोळीनं तो अडला नसता. बापाचा एलपीए रिपोर्ट आला त्या दिवशीही तिचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. दोन दिवसांनी आशाताईंनी विचारलं, “मग त्या पोरीची गोळी तीच ठेवायची का?” तिला पुन्हा तपासलं, एक्स-रे पुन्हा काढला, दोन्ही ठीक. मग चार महिने रिफाम्पिसिन. आजी आधी तयार नव्हती. एक कोर्स संपत आलाय आणि परत दुसरा कशाला, ही तिची शंका रास्तच होती, आणि तिला उत्तर देताना ‘आधीचं औषध चुकीचं होतं’ हे शब्द अधिकाऱ्यांनी स्वतः उच्चारले. ते ऐकल्यावर ती तयार झाली.

आमच्या प्रयोगशाळेत इनव्हॅलिड निकालांची यादी आता वेगळ्या वहीत जाते. दर शुक्रवारी दुपारी एक जण ती घेऊन बसतो आणि प्रत्येक नावामागच्या सुपरवायझरला फोन करतो. रकान्यात तारीख आणि फोन घेणाऱ्याचं नाव लिहायचं. सुट्टीच्या आदल्या दिवशी घेतलेला नमुना आम्ही पाठवूच नका म्हणतो. मागच्या शुक्रवारी यादीत सात नावं होती, त्यातल्या दोघांनी फोन उचलला नाही.